रुग्ण घरी गेल्यावर

वैद्यकीय संघटनेच्या स्मरणिकेत साधारणतः नव्या उपचारपद्धतींविषयी, व्यवसायातील अडचणींविषयी किंवा दिवंगत ज्येष्ठांविषयी लिहिले जाते. मीही आजवर तसेच लेख दिले. या वेळी मात्र माझ्या हातून राहून गेलेल्या एका गोष्टीविषयी लिहावे, असे मनाने घेतले आहे. बेळगावात पस्तीस वर्षे व्यवसाय केल्यावर, वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात न सापडलेला एक धडा मला कॅम्प भागातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीने दिला. तो वाचकांपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. कारण त्या धड्याची किंमत मी नव्हे, दुसऱ्या कोणीतरी मोजली आहे.

एका चर्चमध्ये नियमित उपासनेस जमणाऱ्या समुदायाला मराठी ख्रिस्ती लोक 'मंडळी' म्हणतात. आपण आपल्या संस्थेला 'मंडळ' म्हणतो. शब्द जवळचे आहेत, परंतु आजारी माणसाच्या दाराशी या दोहोंत केवढे अंतर पडते, ते मला उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात माझ्या देखरेखीखालून दोन वृद्धा बऱ्या होऊन घरी गेल्या. दोघीही सत्तरी ओलांडलेल्या, दोघींनाही पक्षाघाताचा सौम्य झटका आलेला, दोघींचाही उजवा हात दुबळा झालेला आणि दोघीही एकट्या राहणाऱ्या. पहिल्या बाई आपल्याच समाजातील निवृत्त मराठी शिक्षिका. टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर स्वतःचे घर, मुले परगावी आणि परदेशी. आपल्या मंडळाने शाल व श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला होता आणि त्या दिवशी मीही व्यासपीठावर होतो. दुसऱ्या बाई कॅम्पातील ख्रिस्ती. आयुष्यभर शाळेत आया म्हणून काम केलेल्या, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या. त्यांच्यासाठी व्यासपीठावर कोणी खुर्ची मांडल्याचे मला माहीत नाही.

दोघींनाही मी सारखेच कागद दिले. औषधांची यादी, व्यायाम, मीठ कमी, पंधरा दिवसांनी दाखवायला या.

पंधराव्या दिवशी आयाबाई आल्या. सोबत मंडळीतील एक मध्यमवयीन बाई आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. गृहस्थांच्या हाती शाळकरी मुलाची असते तशी एक वही होती. तीत पंधरा दिवसांचे रक्तदाबाचे आकडे, दिलेल्या गोळ्यांच्या खुणा आणि कोण केव्हा येऊन गेले त्यांची नावे लिहिलेली होती. सोबतच्या बाईंनी मला तीन प्रश्न विचारले. अंघोळ घालताना दुबळा हात कसा धरावा? रात्रीची गोळी घेण्याआधीच त्यांना झोप लागते, ती गोळी सायंकाळी दिली तर चालेल काय? आणि पाणी पिताना त्यांना ठसका लागतो, हे सांगण्यासारखे आहे काय?

हे सांगण्यासारखे होतेच. पक्षाघातानंतर गिळण्यात दोष राहतो, अन्नपाणी श्वासनलिकेत जाते आणि त्यातून फुप्फुसदाह होतो, हे आपण सारे जाणतो. मी दिलेल्या कागदावर मात्र त्याविषयी एक अक्षरही नव्हते. गिळण्याची तपासणी त्या दिवशी झाली ती त्या बाईंच्या प्रश्नामुळे, माझ्या दक्षतेमुळे नव्हे.

शिक्षिकाबाई पंधराव्या दिवशी आल्या नाहीत. त्या आल्या नाहीत हे मला समजलेही नाही. जो रुग्ण येतो त्याची आपण नोंद करतो. जो येत नाही त्याची नोंद करण्याची सोय माझ्या दवाखान्यात नव्हती. सात आठवड्यांनी शेजाऱ्यांचा दूरध्वनी आला. रक्तदाबाच्या एका गोळीची पट्टी संपली होती. जिना उतरणे जमत नव्हते आणि कोणाला सांगणे संकोचाचे वाटत होते, म्हणून ती गोळी त्यांनी सोडून दिली होती. रात्री न्हाणीघरात पडल्या आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशाच होत्या. मांडीचे हाड मोडले होते. पुढे फुप्फुसदाह झाला आणि नवव्या दिवशी त्या गेल्या.

त्यांच्या शोकसभेला सभागृह भरले होते. मीही चार शब्द बोललो. सभा संपल्यावर त्यांचे चिरंजीव मला एवढेच म्हणाले, "डॉक्टरकाका, आई फोनवर रोज सारे ठीक आहे असेच सांगत होती हो." त्या वाक्यात माझ्याविषयी तक्रार नव्हती. ती असती तर मला अधिक सोपे गेले असते.

त्यानंतर काही दिवसांनी मी त्या निवृत्त गृहस्थांना भेटायला कॅम्पात गेलो. ते मंडळीतील 'वडील', म्हणजे पाळकांच्या जोडीने कारभार पाहणाऱ्या निवडक जबाबदार सभासदांपैकी एक होते. आपण हे सारे कसे करता, असे मी विचारले. ते संकोचून म्हणाले, "फार मोठे असे काही नाही, डॉक्टरसाहेब. रविवारी बाकावरची जागा रिकामी दिसली, की सोमवारी कोणीतरी त्या घरी जाऊन येतो."

मी पुढे चार-पाच वेळा त्यांच्याकडे गेलो आणि जे पाहिले ते येथे लिहितो. मंडळी लहान, सुमारे नव्वद कुटुंबांची. घरांचे सात विभाग केलेले. प्रत्येक विभागासाठी एक वडील आणि महिला मंडळातील एक बाई नेमलेली. कोणी रविवारी दिसले नाही तर त्या विभागाच्या जोडीने चौकशी करायची, हा नियम. आजारपण असेल तर पाळकांना कळवायचे. उपासनेत आजाऱ्यांसाठी नावे घेऊन प्रार्थना होते, परंतु नाव घेण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी विचारली जाते. आजाराचे नाव उच्चारले जात नाही. रुग्णाच्या गोपनीयतेवर आपण व्याख्याने देतो. ती येथे कोणतेही व्याख्यान न ऐकता पाळली जात होती.

जेवणाचे डबे पाळीने जातात. पाळीच्या यादीत तारखेपुढे 'साखर नको', 'मीठ कमी', 'पातळ' अशा सूचना असतात. रात्रीच्या सोबतीची यादी वेगळी. तीन आठवड्यांनी सारे पुन्हा तपासले जाते. कारण पहिल्या आठवड्यातील उत्साह चौथ्या आठवड्यात टिकत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जे स्वतः बँकेत जाऊ शकत नाहीत त्यांची यादी ऑक्टोबरातच तयार होते. अंथरुणाला खिळलेल्यांकडे पाळक प्रभुभोजन घेऊन घरी जातात. गरजूंसाठी वेगळा निधी आहे. वार्षिक अहवालात त्याची एकूण रक्कम छापली जाते, घेणाऱ्याचे नाव कधीच नाही. ती नावे फक्त पाळक आणि खजिनदार जाणतात.

मृत्यूनंतरही हे काम संपत नाही. दफनविधीच्या दिवशी गर्दी असतेच. मात्र त्या घरी तीन महिन्यांनी, पहिल्या नाताळात आणि वर्ष पुरे होताना कोणी जायचे, हे आधीच लिहून ठेवलेले असते. माणूस गेल्यावर पहिल्या सणाच्या दिवशी घरातील मंडळी कशी बसलेली असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या नोंदीचे मोल सांगावे लागणार नाही.

या साऱ्यात मला चकित करणारी गोष्ट ही, की यातील एकही कृती असामान्य नाही. डबा आपणही पोचवितो, भेटायला आपणही जातो. त्यांची करुणा आपल्यापेक्षा मोठी आहे असेही मी म्हणणार नाही. फरक आहे तो व्यवस्थेचा. आपल्याकडे मदत ही ज्याच्या त्याच्या आठवणीवर आणि स्वभावावर सोडलेली असते. त्यांच्याकडे ती कोणाची तरी नेमून दिलेली जबाबदारी असते. वैद्यकीय भाषेत बोलायचे तर रविवारची उपासना ही त्या समुदायाची साप्ताहिक तपासणीच आहे. जो गैरहजर आहे तो तीत प्रथम लक्षात येतो. आमच्या दवाखान्यात नेमका तोच निसटतो.

ही रीत त्यांनी नव्याने शोधलेली नाही. तिचा इतिहास वाचताना मला त्यात आपल्या सीमाभागातील माणसाला विचार करायला लावणारी एक गोष्ट आढळली. 'नव्या करारा'तील 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेम येथील अगदी पहिल्या मंडळीची हकीकत आहे. तेथे विधवांना रोज अन्नवाटप होत असे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या सभासदांनी तक्रार केली, की या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. म्हणजे ख्रिस्ती समाजातील सेवेची पहिली रचना उभी राहिली ती भाषिक अल्पसंख्याकांच्या गाऱ्हाण्यातून. प्रेषितांनी ते गाऱ्हाणे नाकारले नाही, की केवळ सांत्वन करून ते मिटविले नाही. या कामासाठी सात माणसे निवडा, असे त्यांनी सांगितले. निवडलेल्या सातांची नावे तेथे दिली आहेत आणि ती सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपेक्षित राहिल्या, बहुधा त्यांच्याकडेच वाटपाचा कारभार सोपविला गेला. भाषेच्या प्रश्नावर आयुष्य घालविलेल्या आपणा बेळगावकरांना यातील शहाणपण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने आपल्या समाजाच्या रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले आहे. ज्याला जमेल त्याने स्वेच्छेने द्यावे. ते सारे सभेच्या प्रमुखाकडे ठेवले जाई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील आणि परगावाहून आलेल्यांना मदत होई. जे सभेला येऊ शकले नाहीत त्यांच्या वाट्याची भाकर त्यांच्या घरी पोचविली जाई. कॅम्पातील ती वही मला या वर्णनाची दूरची वंशज वाटते.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात मोठी साथ आली. अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिशियस यांनी आपल्या पत्रात लिहिले, की ख्रिस्ती लोक आजाऱ्यांना सोडून न जाता त्यांची शुश्रूषा करीत राहिले आणि त्यांतील अनेकांना त्यातच मृत्यू आला. हे पत्र त्याच समाजातील धर्मगुरूचे आहे, म्हणून ते सावधपणे वाचले पाहिजे. परंतु अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडलेला मुद्दा डॉक्टरांनी विचारात घेण्याजोगा आहे. प्रभावी औषध नसतानाही वेळेवर पाणी, अन्न आणि साधी शुश्रूषा मिळाल्याने साथीतील पुष्कळ मृत्यू टळले असतील, असे त्यांचे म्हणणे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गृहविलगीकरणातील रुग्णांना ज्यांनी सांभाळले, त्यांना हे पटायला आकडेवारी लागणार नाही.

व्यवस्थेचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दाखविणारा प्रसंग मात्र फ्रान्समधील आहे. १६१७ मध्ये शातियों या लहान गावी व्हिन्सेंट द पॉल हे धर्मगुरू होते. गावाबाहेरील एका घरात सारेच आजारी पडले असून त्यांना कोणी पाहणारे नाही, असे त्यांनी रविवारी प्रवचनात सांगितले. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले तेव्हा वाटेत त्यांना अन्न घेऊन जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लोकांची रीघ दिसली. दुसरा कोणी या दृश्याने सुखावला असता. व्हिन्सेंट यांच्या लक्षात आले, की आज आलेले हे अन्न एकाच वेळी संपणार नाही, ते नासेल आणि काही दिवसांनी हे कुटुंब पुन्हा पूर्वीसारखेच उपाशी राहील. त्यांनी गावातील स्त्रियांना एकत्र केले, पाळ्या लावून दिल्या आणि नियम लिहिले. त्या नियमांत एक सूचना आहे. ज्या रुग्णाजवळ कोणी आहे त्याच्यापासून सेवेला आरंभ करावा आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्याजवळ अधिक वेळ बसता येईल. चारशे वर्षांपूर्वीची ही सूचना मी माझ्या राउंडमध्ये कधी अमलात आणली नव्हती. आता आणतो.

मिरजेच्या सर विल्यम वानलेस यांचे नाव आपल्या भागातील प्रत्येक डॉक्टर आदराने घेतो. १८९४ मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या मिशन रुग्णालयाने बेळगाव, कोल्हापूर, सांगलीच्या कित्येक पिढ्यांना जीवदान दिले. ख्रिस्ती सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अशी रुग्णालये आणि शाळा येतात. त्या गौरवाला त्या पात्रच आहेत. पण रुग्णालयातून घरी गेल्यावर वही घेऊन दारी येणारी ती जोडी मात्र आपल्याला दिसत नाही, आणि अनुकरण करायचे तर ते तिचेच शक्य आहे. रुग्णालय उभारायला पैसा लागतो. वहीला दहा रुपये पुरतात.

या विषयावर बोललो की काही मित्र आक्षेप घेतात. त्यांना टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप सेवेच्या आडून होणाऱ्या धर्मप्रसाराचा. मी पाहिली ती सेवा मंडळीच्या स्वतःच्याच सभासदांची होती. तरीही मी त्या वडिलांना स्पष्ट विचारले. ते म्हणाले, "अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काही विकू नये, डॉक्टरसाहेब, श्रद्धासुद्धा नाही." हे तत्त्व सर्वच धर्मांच्या, पंथांच्या आणि पक्षांच्याही सेवाकार्याला लागू व्हावे, असे माझे मत आहे. जेथे मदतीच्या बदल्यात काही मागितले जाते तेथे मी मदत करणाऱ्याचा मित्र राहणार नाही.

दुसरा आक्षेप औषधाऐवजी प्रार्थनेचा. एका प्रवचनकाराच्या शब्दावर इन्सुलिन बंद करून बेशुद्धावस्थेत आणलेला रुग्ण मी पाहिला आहे, आणि अंगाऱ्यावर विसंबून तशाच अवस्थेत आलेले रुग्णही पाहिले आहेत. हा दोष कोणा एका धर्माच्या खात्यावर लिहिता येत नाही. या मंडळीत प्रार्थना होते, ती गोळी दिल्यानंतर. गोळी आणि प्रार्थना यांत भांडण लावण्याची त्यांना कधी आवश्यकता वाटलेली दिसली नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मंडळी हा माणसांचाच समुदाय आहे. तेथेही मानापमान आहेत, गटबाजी आहे. जे भांडून उपासनेस येईनासे झाले त्यांची घरे वहीतून हळूहळू गळतात, हे त्या वडिलांनी स्वतःच मान्य केले. शिवाय ही काळजी वर्तुळातील माणसांपुरती असेल, तर वर्तुळाबाहेरच्याचे काय? याचे एक जुने उत्तर विरोधकाच्या लेखणीतून आले आहे. चौथ्या शतकातील रोमन सम्राट ज्युलियन हा ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक. हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात आणि आमच्या माणसांना आमच्याकडून मात्र काही मिळत नाही, अशी खंत त्याने आपल्या एका प्रमुख पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आणि गावोगावी धर्मशाळा उभारण्याची आज्ञा दिली. ज्या समाजाशी आपले मतभेद आहेत त्याच्याकडूनही चांगली रीत उचलावी, एवढा धडा सम्राटाला कळला होता. आपले तर या शेजाऱ्यांशी भांडणही नाही.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या समाजात माया नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. शहापूर, वडगाव, अनगोळ येथील गल्ल्यांतून अजूनही एकाच्या घरी दुःख झाले तर शेजारच्या घरातून पिठले-भात जातो. वारीच्या दिंडीत थकलेल्याचे ओझे दुसरा उचलतो. गणेशोत्सव मंडळांची तरुण मुले रक्तदानाला एका हाकेवर धावून येतात. परंतु आपली माया प्रसंगाच्या दिवशी उसळते आणि तेराव्यानंतर ओसरते. गल्ली सोडून सदनिकेत राहायला गेलेल्यांच्या वाट्याला तर तेवढीही येत नाही. मुले पुण्या-बंगळुरूला किंवा त्याही पलीकडे, आणि मागे राहिलेले आईवडील फोनवर सारे ठीक आहे असे सांगणारे. आपल्या व्यवसायातील ज्येष्ठही याला अपवाद नाहीत. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आज हेच चित्र आहे.

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण थट्टेने एकमेकांना ऐकवितो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटेच घडते. वैद्याचे काम सरते आणि रुग्णाची गरज तशीच उरते. ती भागविणे आमचे काम नव्हे, असे म्हणण्याची सोय आता विज्ञानानेही ठेवलेली नाही. १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित आढावा २०१० मध्ये 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ आहेत त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. अशा परिणामाची गोळी कोणी बाजारात आणली असती, तर आपण ती प्रत्येक चिठ्ठीवर लिहिली असती.

हे काम संघटितपणे करता येते, याची उदाहरणे आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यास शिकागोनजीक पार्क रिज येथे ग्रेंजर वेस्टबर्ग या ल्यूथरन धर्मगुरूंनी एका रुग्णालयाच्या साह्याने सहा मंडळ्यांत सहा परिचारिका नेमल्या. त्यांनी उपचार करायचे नव्हते; घरी जाऊन पाहायचे, ऐकायचे आणि योग्य डॉक्टरकडे पाठवायचे होते. त्यातून पुढे 'पॅरिश नर्सिंग' ही शाखाच उभी राहिली. आपल्या शेजारच्या केरळात तर हे धर्माच्या चौकटीबाहेर घडले. कोझिकोडे येथे १९९३ मध्ये वेदनाशमन व परिहार सेवेची संस्था सुरू झाली. पुढे वस्तीवस्तीतील प्रशिक्षित स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले आणि २००८ मध्ये राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. तेथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सर्वच स्वयंसेवक सर्वच रुग्णांच्या घरी जातात.

म्हणून आपल्या संघटनेपुढे आणि समाजातील सर्व मंडळांपुढे मी काही साध्या सूचना ठेवतो. पहिली, रुग्णाला घरी पाठविताना प्रत्येक डॉक्टरने एक प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर कागदावर लिहावे : घरी रात्री सोबत कोण आहे? दुसरी, जो रुग्ण ठरल्या दिवशी येत नाही त्याची यादी दर शनिवारी काढून त्याला दूरध्वनी करावा. तिसरी, शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी नेमावी. रुग्णाच्या संमतीनेच तिला कळवावे. चौथी, या जोड्यांना आपण डॉक्टरांनी रक्तदाब मोजणे, रुग्णाला कुशीवर वळविणे, गिळण्यातील धोका ओळखणे एवढे शिकवावे. दोन रविवार त्यास पुरतील. पाचवी, आर्थिक साह्य घेणाऱ्याचे नाव सभेत, अहवालात किंवा छायाचित्रात येऊ नये. धनादेश हाती देतानाचे छायाचित्र घेणे आपण ज्या दिवशी बंद करू, त्या दिवशी गरजू मध्यमवर्गीय माणूस दार उघडेल. शेवटची सूचना भाषेची. ही जोडी मराठी, कानडी, उर्दू, कोंकणी असे काही न विचारता त्या विभागातील प्रत्येक एकट्या माणसाची असावी. वाटपात आपल्या विधवा उपेक्षिल्या गेल्याचे दुःख ज्यांना माहीत आहे, त्यांनी तरी दुसऱ्याच्या विधवेला वगळू नये.

यासाठी नवी इमारत नको, अनुदान नको. सभासदत्वाच्या वर्गणीबरोबर महिन्यातून दोन संध्याकाळी मागाव्या लागतील, एवढेच.

आयाबाई अद्याप हयात आहेत. गेल्या नाताळात मंडळीतील मुले त्यांच्या घरी गाणी म्हणायला गेली तेव्हा मीही तेथे होतो. उजवा हात अजून दुबळाच आहे. त्यांनी डाव्या हाताने मला करंजी दिली. परत निघताना त्या वडिलांनी वहीत त्या दिवसापुढे माझे नाव लिहिले. मी त्यांच्या मंडळीचा नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. त्या संध्याकाळी मी येऊन गेलो होतो, एवढेच त्या नोंदीला पुरेसे होते.

टिळकवाडीतील ते घर आता विकले गेले आहे. त्या इमारतीत आणखी तीन एकटी ज्येष्ठ माणसे राहतात, हे मला बाईंच्या मृत्यूनंतर चौकशी केल्यावर समजले. त्यांची नावे लिहून मी एक वही सुरू केली आहे. पुढच्या पानांसाठी मला जोडीदार हवे आहेत. ज्यांना इच्छा असेल त्यांनी वार्षिक सभेच्या दिवशी मला भेटावे.